दोन चित्रांच्या मधलं चित्र

नागपूरच्या कामठी रोडवरच्या एका शाळेतल्या मॅडमनी विचारलं आहे: सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. वर्गात ४८ मुलं, शाळेचा एक टॅब, माझा एक फोन आणि भिंतीवर टीव्ही. मुलांकडून अ‍ॅनिमेशन करून घेतलं की वर्गात जीव येतो असं प्रशिक्षणात ऐकलं, म्हणून दोनदा करून पाहिलं. मुलं खूश झाली, पण शिकली काय ते मलाच सांगता येईना. माझं अ‍ॅप चुकलं का? कोणतं घेऊ?

मॅडम, अ‍ॅप चुकलेलं नाही. चुकला असेल तर धड्याचा तुकडा चुकला असेल. अ‍ॅपचं नंतर सांगतो, कारण त्याचं उत्तर चार ओळींचं आहे.

माझी सुरुवात तुमच्याहून वाईट होती. तयार पात्रं देणारं एक अ‍ॅप मी हौसेनं घेतलं आणि विषय दिला जलचक्र. तीन तासिका पोरांनी नायकाचे केस आणि शर्ट निवडण्यात घालवल्या. शेवटी दोन मिनिटांची फिल्म तयार झाली. तिच्यात गॉगल घातलेला ढग होता, विनोद होते, मागे गाणं होतं. फक्त पाण्याची वाफ कुठेच होत नव्हती! समुद्र दाखवला, ढग दाखवला, मधे एक बाण. पुस्तकातला बाण जसाच्या तसा उचलून स्क्रीनवर ठेवलेला. टाळ्या भरपूर मिळाल्या. मुख्याध्यापकांनी ती फिल्म स्नेहसंमेलनातही दाखवली. मला मात्र रात्री झोप लागेना, कारण तो बाण काय आहे हे त्या गटातल्या एकालाही सांगता आलं नव्हतं.

तेव्हापासून धडा हातात घेतला की मी आधी बाण शोधतो. पुस्तकात दोन चित्रं असतात आणि मधे बाण असतो. बी आणि रोप. घास आणि जठर. अमावस्या आणि पौर्णिमा. त्या बाणाच्या पोटात काय घडलं ते पुस्तक सांगत नाही, परीक्षा विचारत नाही आणि पोरांना न कळताही पुढच्या वर्गात जाता येतं. अ‍ॅनिमेशन करणाऱ्याला मात्र बाण काढून भागत नाही. त्याला मधली वीस चित्रं द्यावी लागतात. एकविसाव्या फोटोआधी वस्तू कुठे सरकवायची, किती सरकवायची, हे ठरवावंच लागतं आणि नेमकं तिथेच न कळलेलं उघडं पडतं. माझ्या लेखी या सगळ्या खटाटोपाचं कारण एवढंच आहे. रंजन होतं, पण ते वरकड.

एक प्रसंग नीट सांगतो. आठवीचा गट, सहा जण, विषय चंद्राच्या कला. टेबलाच्या एका टोकाला टॉर्च म्हणजे सूर्य, मधे प्लास्टिकचा चेंडू म्हणजे पृथ्वी, आणि चंद्र म्हणून संत्रं. डिसेंबर होता, नागपुरात दुसरं काय घेणार? फोटो किती काढायचे हे मी सांगितलं नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. चांद्रमासाच्या ३० तिथी, म्हणून ३० फोटो. एक तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या कोनात १२ अंशांचा फरक, त्यामुळे पोरांनी कोनमापकाने चेंडूभोवती १२-१२ अंशांवर खडूच्या खुणा केल्या. पंचांग आणि कंपासपेटी एकाच टेबलावर आलेली पाहून मला जरा जास्तच आनंद झाला, हे कबूल करतो.

त्यांच्या कागदावर लिहिलं होतं, "अमावस्येला पृथ्वीची सावली चंद्रावर पडते." मी ते वाचलं आणि गप्प बसलो. पौर्णिमेपासून सुरुवात झाली. सूर्य एका बाजूला, चंद्र पृथ्वीच्या पलीकडे. बत्ती बंद केली, टॉर्च लावला, तर पौर्णिमेच्या संत्र्यावर चेंडूची ढळढळीत सावली. एक जण म्हणाला, "हे तं अमावस्या झाली ना बे." वही, पेन्सिल, खाडाखोड. कोनमापक सांभाळणारी मुलगी बराच वेळ काही बोलली नव्हती. ती म्हणाली, "सर, पुनव अन् अमावस्या एकाच जागी काऊन येऊन राह्यली?"

हा प्रश्न कुठल्याच स्वाध्यायात नाही. सावली पडायला चंद्र पृथ्वीच्या मागे हवा, आणि मागची जागा तर पौर्णिमेने आधीच घेतलेली. तासिका तिथेच संपली. दुसऱ्या दिवशी एकाने चेंडूच्या जागी स्वतःचं डोकं ठेवून संत्रं टॉर्चच्या बाजूला धरायला लावलं. "इकडून तं काळंच दिसते," तो म्हणाला. उजेड पडलेली बाजू टॉर्चकडे, आपल्याकडे अंधारी बाजू. अमावस्या सापडली, तीही सावलीशिवाय. मग उरला पौर्णिमेचा गुंता: तिथे सावली का पडू नये? चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, हे मी तेव्हा सांगितलं. त्याआधी सांगून उपयोग नव्हता, कोणाला ते हवंच नव्हतं. त्यांनी संत्र्याखाली स्टीलची वाटी उपडी घातली, संत्रं सावलीच्या वर आलं आणि पौर्णिमा उजळली. वाटी काढली की चंद्रग्रहण. ते त्यांनी फिल्मच्या शेवटी जोडलं, माझ्या सूचनेशिवाय.

फिल्म झाली १५ सेकंदांची. संत्रं मधेच उडी मारतं, एका फोटोत कोणाचा तरी अंगठा आलेला आहे. मी ती कधी दुरुस्त केली नाही.

पंधरा सेकंद कसे, तर ३० फोटो, सेकंदाला २. तुम्हाला प्रशिक्षणात सेकंदाला १२ किंवा २४ चित्रं असं सांगितलं असेल. ते सिनेमाचं गणित आहे, सिनेमाची चाल २४ चीच असते. वर्गाला ते परवडत नाही. १२ च्या हिशेबाने अर्ध्या मिनिटाला ३६० फोटो होतात आणि ५० फोटोंनंतर पोरं नुसती ढकलाढकल करतात. ऑस्ट्रेलियातल्या वूलाँगाँग विद्यापीठाच्या गॅरी होबन यांनी शिकाऊ शिक्षकांसाठी 'स्लोमेशन' नावाची पद्धत बसवली, तीत सेकंदाला २ च फोटो असतात. चित्र अडखळत चालतं, पण प्रत्येक फोटोवर एखादा शब्द बोलायला जागा मिळते. विज्ञानासाठी मी हीच चाल वापरतो. गती हाच विषय असेल तेव्हा मात्र सेकंदाला १०.

गतीवरून आठवलं. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घरोघरी पडून असतात, ते मागवा. चाकांचे बैल याला फारच सोयीचे. फूटपट्टी टेबलाला चिकटवायची आणि दर फोटोला बैल १ सेंटीमीटर पुढे. सेकंदाला १० फोटो म्हणजे बैलाचा वेग सेकंदाला १० सेंटीमीटर, हे पोरं स्वतः काढतात. दुसऱ्या गटाला सांगायचं, बैल बिथरला पाहिजे. ते सरसकट २-२ सेंटीमीटर सरकवतात आणि टीव्हीवर पाहून वैतागतात, "हा बिथरला नाही, नुसता जोरात चालून राह्यला." मग १, २, ३, ४ असं सरकवून पाहतात आणि बैल खरंच बिथरतो. त्वरण हा शब्द मी तेव्हा फळ्यावर लिहितो. नववीचा वर्ग असेल तर वरून पडणारं बटण करून घ्या: सरकवण्याचं अंतर १, ३, ५, ७ या प्रमाणात वाढवलं तरच ते पडल्यासारखं दिसतं. अंतर दर फोटोला सारखंच ठेवलं तर बटण दोरीवरून उतरल्यासारखं दिसतं. गॅलिलिओने काढलेलं हे प्रमाण पोरांच्या डोळ्यालाही पटतं, सूत्र नंतर येतं.

ही कला आपल्याकडे काल आली असं समजू नका. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आणण्याआधी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावून, तो उगवताना थोडा थोडा टिपून एक छोटी फिल्म केली होती आणि भांडवल देणाऱ्यांना ती दाखवली होती. पुढे १९१५ च्या 'आगकाड्यांची मौज'मध्ये त्यांनी काड्या चालवल्या. तुमच्याकडचा फोन त्यांच्या कॅमेऱ्यापेक्षा हजारपट सोयीचा आहे, पण कुंडीसमोर चिकाटी तेवढीच लागते.

आता तुमच्या ४८ मुलांचं. सहा-सहाचे आठ गट करा. एका तासिकेला दोनच गट शूटिंग करतील, एक टॅबवर, एक फोनवर. चार तासिकांत सगळे होतात. बाकीच्या सहा गटांना हातावर हात ठेवून बसवायचं नाही. जुन्या वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलने चित्र काढत जायचं आणि पानं भर्रकन सोडायची, हा प्रकार फुकट आहे आणि बॅटरी लागत नाही. शिवाय शूटिंगच्या आधी प्रत्येक गटाने एका कागदाला तीन घड्या घालून आठ चौकटी पाडायच्या आणि त्यांत आपली प्रक्रिया आठ पायऱ्यांत काढायची. हा कागद पाहिल्याशिवाय मी फोन देत नाही. खरी चूक याच कागदावर दिसते आणि इथे ती खोडरबराने जाते. शूट झाल्यावर तीच चूक सांगितली तर पोरं हिरमुसतात, आणि आपलंही मन होत नाही.

गटात कामं वाटून द्या: एक फोनवाला, एक सरकवणारा, एक मोजणारा, एक लिहिणारा, एक बोलणारा. सहावा शंका काढणारा. त्याचं काम एकच, दर पाचव्या फोटोला "असं का?" विचारायचं. वर्गातलं सगळ्यात खोडकर पोट्टं या कामाला लावा. ते फार मन लावून करतं.

नागपूरची म्हणून एक अडचण आहे, ती बाहेरचे प्रशिक्षक कधी सांगत नाहीत. पंखा. कागदाची कात्रणं पंख्याखाली उडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये पंखा बंद करायची कोणाची छाती नाही. रंगीत क्ले त्या दिवसांत हातातच पातळ होतो. म्हणून मी तूरडाळ, बटणं, खडे, लाकडी बैल, बाटल्यांची झाकणं असल्या वजनदार वस्तूंवर येऊन थांबलो. रक्ताभिसरण लाल-काळ्या बटणांनी उत्तम होतं. उन्हाळ्यात फोनही तापतो आणि कॅमेरा मधेच बंद पडतो, त्यामुळे लांबलचक शूटिंग पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात ठेवा.

पावसाळ्यात दुसरी कटकट, ऊन-सावलीची. ढग आला-गेला की फिल्म लुकलुकते. खिडकी बंद करून एका एलईडी दिव्यावर काम करा आणि फोटो काढण्याआधी स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा. बहुतेक फोनमध्ये ती सोय असते. सरकवणाऱ्याचा पांढरा शर्ट जवळ आला की उजेड बदलतो, म्हणून हात काढला की दोन पावलं मागे, असा नियम ठेवा. स्टँड विकत घेऊ नका. दोन विटा, मधे पट्टी, पट्टीवर फोन, स्क्रीन वर, मागचा कॅमेरा पट्टीच्या बाहेर आणि खाली टेबलाकडे. फोन फ्लाइट मोडवर टाका. नाहीतर २३ व्या फोटोला तुमच्या घरून फोन येतो आणि सगळं हलतं.

अ‍ॅप. वस्तू सरकवून करायचं असेल तर स्टॉप मोशन स्टुडिओ, फुकटचं पुरतं. आधीचा फोटो पुसट दाखवण्याची सोय त्यात आहे, पोरं त्याला भूत म्हणतात. ती चालू ठेवलीत तर किती सरकवलं ते डोळ्यांना दिसतं. बोटाने चित्र काढायचं असेल तर फ्लिपाक्लिप, फुकट आवृत्तीत फिल्मवर त्यांचा शिक्का येतो, येऊ द्या. संगणक-खोली चालू असेल तर स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्रॅम लिहायचं साधन, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलेलं, इंटरनेटशिवायही चालतं. पण ते वेगळ्या कामाचं आहे: "तापमान १०० झालं तर कण सुटे होऊ दे" असा नियम जिथे लिहायचा आहे तिथे ते घ्या. पहिली-दुसरीच्या बाईंना स्क्रॅच ज्युनिअर सुचवा, ते अक्षरं न वाचता ठोकळ्यांवर चालतं. यांपैकी काहीच नसेल तर सादरीकरणाच्या पन्नास स्लाइडी भराभर पुढे केल्या तरी अ‍ॅनिमेशनच होतं.

कोणतंही घ्या, पण फिल्म अ‍ॅपच्या पोटात ठेवू नका. त्याच दिवशी एमपीफोर करून पेनड्राइव्हवर काढा. माझ्या एका बॅचचं वर्षभराचं काम एका अ‍ॅपने फुकटची सोय बंद केली तेव्हा गेलं. आणि ब्राउझरमध्ये अ‍ॅनिमेशन चालवणारं फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला कंपनीने बंद केलं तेव्हा त्यावर चालणारं कितीतरी शैक्षणिक साहित्य निकामी झालं, हे तुम्हालाही आठवत असेल.

हल्ली एक ओळ टाइप केली की आयती फिल्म बनवून देणारी एआयची साधनं आली आहेत. मुलं विचारतीलच. शिक्षकाने दाखवायला वापरावीत, माझी ना नाही. पण मधली वीस चित्रं तिथे मशीन ठरवतं, म्हणजे ज्यासाठी हा उद्योग मांडला तेच काम आपण दुसऱ्याला दिलं. एक उपयोग मात्र करतो: असली तयार फिल्म लावून तिच्यातल्या चुका पोरांना शोधायला देतो. पचनाच्या फिल्ममध्ये घास यकृतातून जाताना दिसला की वर्ग पेटतो.

आवाज वेगळा रेकॉर्ड करा, वर्गात नको, पंखा सगळं खातो. कपाटांच्या खोलीत दार लावून करा. १५ सेकंदांत साधारण ३० शब्द बसतात, त्याहून जास्त लिहिलं तर बोलणारा धापा टाकतो. शब्द मोजून लिहिताना पोरं आपोआप फापटपसारा गाळतात, हा भाषेच्या तासाचा फायदा. आणि एक विनंती: निवेदन वऱ्हाडीत येत असेल तर येऊ द्या. "मंग हे पानी वर जाते अन् थंड होते" हे म्हणणाऱ्या मुलाला संघनन कळलेलं आहे. "संघननाची क्रिया घडून येते" म्हणणाऱ्याची खात्री नाही. पारिभाषिक शब्द पाहिजेच, तो फिल्मवर पाटी म्हणून लिहायला लावा. पार्श्वसंगीतासाठी सिनेमाची गाणी नकोत. ताट-वाटी वाजवा.

विज्ञानाबाहेरही बाण आहेत. आमच्या इतिहासाच्या सरांनी सीताबर्डीची लढाई, २६-२७ नोव्हेंबर १८१७, टेबलावर घेतली. मुगाचे दाणे इंग्रज, मटकीचे आप्पासाहेब भोसल्यांचे. किल्ला पाहिलेला प्रत्येक जण, पण तिथे दोन टेकड्या होत्या, त्यांतली छोटी टेकडी इंग्रजांच्या हातून गेली आणि पुन्हा त्यांच्याकडे आली, हे दाणे सरकवताना कळलं. सनावळी किंवा व्याख्या यांसाठी मात्र हा घाट घालू नका. जिथे काही हलत नाही तिथे अ‍ॅनिमेशन म्हणजे वेळेचा अपव्यय. वर्षाला तीन-चार तुकडे पुष्कळ झाले.

"शिकली काय" याचं मोजमाप मी असं करतो. फिल्म टीव्हीवर लावतो आणि अध्येमध्ये कुठेही थांबवतो. गटातल्या कोणालाही, मुद्दाम फोन न धरलेल्याला, विचारतो: पुढच्या फोटोत काय बदलेल, आणि का? 'काय' सांगता आलं तर निम्मे गुण, 'का' सांगता आलं तर पूर्ण. फिल्म सुंदर आहे की वेडीवाकडी, याला गुण शून्य. पहिल्या वर्षी चित्रकलेत हुशार मुलं नाराज होतात, नंतर सवय होते.

चेहरे फिल्ममध्ये घेऊ नका, फक्त हात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरतो आणि त्याची माहिती हाताळायला पालकांची संमती मागतो. शाळेचा बिल्ला आणि नाव दिसणारी फिल्म यूट्यूबवर टाकण्यात हौस शिक्षकाचीच जास्त असते. पालकसभेत लावा, तेवढं पुरे.

सुरुवात चंद्रापासून करू नका, तो दुसऱ्या सत्राचा विषय. आधी फाळक्यांचा वाटाणा घ्या, किंवा मोड लवकर येणारी मटकी. काचेच्या ग्लासात ओला टिपकागद, काचेला लागून दाणे, म्हणजे मूळही दिसेल. प्रार्थनेनंतर एक फोटो आणि शेवटच्या घंटेला एक. १२ दिवसांत २४ फोटो, सेकंदाला २ ने १२ सेकंद. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला विचारून ठेवा, आधी मूळ की आधी पान, आणि उत्तरं वहीत लिहून घ्या. रविवारी शाळा बंद, तेव्हा त्या ठिकाणी रोप एकदम उडी मारेल. ती का मारली, हाही प्रश्न चांगला आहे. ग्लास कुठे ठेवला त्याभोवती आणि विटांभोवती खडूने गोल काढून ठेवा, आणि झाडणाऱ्या मावशींना आधीच सांगा. माझा पहिला वाटाणा पाचव्या दिवशी खिडकीच्या दुसऱ्या टोकाला सापडला होता.